बगर बहर

शब्द तीनच अक्षरांचा होता. इंग्रजीतली गाय. टाइप करताना माझी बोटं पुढे असतात आणि डोळे मागून येतात, कारण टाइपिंग मी शिकले ते क्लासात नव्हे, स्वैपाकघरात, डाळ शिजेपर्यंत ओट्यावर पुस्तक उघडं ठेवून. तेव्हापासून बोटांना घाई आणि डोळ्यांना सवड अशी वाटणी होऊन बसलीय. तर गाय आधी कागदावर उमटली आणि मग मला दिसली. बुधवार होता, सकाळचे पावणेअकरा. मीना सलमान बंदराच्या गोदामांमागची आमच्या सर्व्हेच्या ऑफिसची एका खिडकीची खोली, खिडकीत एसी, एसीखाली गळतं पाणी धरायला ठेवलेला तुपाचा रिकामा डबा. बाहेर क्रेनचा भोंगा वाजला. डाव्या हाताला आमच्या ऑफिसातल्या शैलेंद्रच्या अक्षरातला कागद होता आणि त्यावर लिहिलं होतं : स्थानिक नाव बकर अल् बहर, मच्छीमारांच्या तोंडी ‘बगर बहर’, अर्थ समुद्रातली गाय. मी पुन्हा वाचलं. बगर बहर. हे दोन शब्द याआधी मला कुणीतरी माझ्याच दारात उभं राहून ऐकवले होते, हातात निळी प्लास्टिकची पिशवी धरून, आणि पिशवीतून लादीवर लाल पाणी ठिबकत होतं. “वयनी, ह्यां घे. बगर बहर. नाखव्यान वाटो दिल्यान.”

तो गुंडू होता, माझ्या नवऱ्याचा चुलत भाऊ. हिद्द गावच्या एका नाखव्याच्या बोटीवर जाळी ओढायचं काम करायचा, अजून करतो. आणि मी त्या पिशवीकडे बघून काय समजले, ते आज लिहिताना हसू येतं आणि हसू अर्ध्यावर अडकतं. मी समजले, बाहेरचा बकरा. त्यात माझा गर्व होता, हे कबूल केलं पाहिजे. सत्त्याहत्तर साली मी वेंगुर्ल्याहून इथे आखातात आले तेव्हा माझं शिक्षण सातवी, आणि भाषा एक. पण पहिल्याच आठवड्यात बाजारात उभी राहून मी शोध लावला की अर्धी अरबी आपण रोज बोलतोच. साबण साबूनच, तारीख तारीखच, हिशेब हिसाब, दुकान दुक्कान, आणि बोटीच्या मालकाला तर हे लोकही आमच्यासारखंच नाखवा नाहीतर नोखदा असलं काहीतरी म्हणतात. मी प्रत्येक अरबी शब्दाचं मराठी माहेर शोधायची आणि मला ते सापडायचं. बिल्डिंगमधल्या बायका मला बाजारात पुढे घालून न्यायच्या. शिवदास, म्हणजे माझे यजमान, सित्र्याहून कंपनीच्या बसने परत आले की मी त्यांना त्या दिवशीचा शब्द सांगायची आणि ते बूट काढता काढता म्हणायचे, “होय गे, आता मिनिस्टर हो.” तर बगर म्हणजे बकरा, गुंडूच्या जिभेवर जरा घसरलेला. आणि बहर म्हणजे बाहेर. ऑस्ट्रेलियाहून बर्फात येतो तो, बाहेरचा. नऊ वर्षं ज्या देशात राहते त्याच्या नावातच बहर आहे, समुद्र आहे, दोन समुद्र आहेत, हे मला शैलेंद्रने याच वर्षी सांगितलं. आणि तेव्हाही माझ्या डोक्यात ती पिशवी हलली नाही. डोकं असंच असतं. फडताळातले डबे एकमेकांशी बोलत नाहीत.

मी खुर्चीत बसून राहिले. समोरच्या भिंतीवर तिचं चित्र होतं, पाच महिने मी ते रोज बघत होते. डुगाँग. राखाडी, गुळगुळीत, कुणीतरी मोठ्या सुरणाला शेपूट लावून पाण्यात सोडल्यासारखी. तोंड खाली वळलेलं, ओठांवर राठ केस, डोळे इतके बारीक की शिंप्याकडून काजं करायची राहूनच गेली असावीत. तिचं सगळं मला पाठ झालं होतं, कारण मी ते तीन-तीन प्रतींत टाइप केलं होतं. उथळ पाण्यात समुद्राच्या तळाशी गवत उगवतं, ते ती मुळासकट खाते, आणि खाऊन पुढे सरकली की मागे वाळूत एक पट्टा उरतो, अंगणात एकदाच केरसुणी ओढून कुणी उठून गेल्यासारखा. दर चार-सहा मिनिटांनी श्वासाला वर यावं लागतं. थंडीत कोमट पाण्याच्या जागी कळप जमतो. सत्तर वर्षं जगते. तेरा-चौदा महिने गाभण राहते, एकच पिल्लू होतं, आणि दुसरं व्हायला मग चार वर्षं, पाच वर्षं, कधी सातही. पिल्लू आईच्या पाठीशी पाठ घासत पोहतं, आणि पिल्लाला पाजायची सोय कुठे, तर पुढच्या वल्ह्यासारख्या हाताच्या मुळाशी, बगलेत. ते वाक्य मी जूनमध्ये टाइप केलं होतं. बगल हा शब्द इंग्रजीत कसा लिहितात ते डिक्शनरीत बघितलंही होतं. आणि आज बुधवारी, ऑक्टोबर शहाऐंशीत, एसीची घरघर कानात भरत असताना, मला दिसायला लागलं की निळ्या पिशवीतल्या मांसात एक तुकडा होता, जाड कातडीला चिकटलेला, आणि सुरी लावल्यावर त्यातून पांढरं आलं होतं.

चौऱ्याऐंशीचा फेब्रुवारी. मला चौथा महिना होता, वय एकोणचाळीस. लग्नाला सतरा वर्षं. मधल्या काळात एक मुलगा झाला होता, एकाहत्तर साली, नऊ दिवस राहिला. आणि नंतर दोनदा तेवढंसुद्धा नाही. मुलगा गेल्यावर दूध मात्र येत राहिलं. अंगाला कुणी कळवतच नाही. सासूबाई कोबीची पानं बांधायच्या, मोगऱ्याची फुलं बांधायच्या, आणि मी तेव्हापासून मोगरा माळला नाही, पण कुणाला कधी कारण सांगितलं नाही. इथे तर मोगरा मिळतच नाही म्हटलं की भागतं. तर इतक्या वर्षांनी पुन्हा दिवस राहिले आणि काही म्हणता काही पोटात ठरेना. भाताचा वास नको, माशाचा नको, नळाच्या पाण्याचाही नको. डॉक्टरीणबाई वजन बघून ओठ आवळायची. आणि ते मटण मी शिजवलं. भाजक्या कांद्या-खोबऱ्याचं वाटप लावून, घरच्या मसाल्यात, कुकरच्या सात शिट्ट्या. पांढरं आलं तेव्हा मी चरबी समजले. बोटाला लागलं, पातळ होतं, चरबी अशी पातळ नसते हे माझ्या बोटाला कळलं होतं, मला नाही. मी नळाखाली धुतलं. आणि जेवले. वाढून घेऊन जेवले. दुसऱ्या दिवशी शिळंही जेवले. अंगात काहीतरी बसल्यासारखं वाटलं, सामान नीट रचल्यासारखं. जुलैत लीना झाली, सव्वातीन किलोची, आणि मला लागलेली ती पहिली भूक मी तिच्याच खात्यात जमा धरत आले.

“मथुराताई, तब्येत बरी आहे ना?” शैलेंद्र दारात उभा होता. पुण्याचा मुलगा, मुलगा म्हणजे बत्तिशीचा, समुद्राचं शास्त्र शिकलेला असूनही त्याला बोट लागते. विमानातून डुगाँग मोजायला जातो आणि उतरल्यावर आधी लिंबू मागतो. मी म्हटलं, बरी आहे. मग म्हटलं, “ही खरंच गाय असते का?” तो हसला. “छे हो. गायीशी काही नातं नाही. जवळचं नातं असलंच तर हत्तीशी.” हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. पण मी ज्या घरातली आहे तिथे हत्ती म्हटलं की डोळ्यांपुढे कोण येतो ते सांगायला नको. माझी गत आगीतून थेट गणपतीच्या देवळात पाय न धुता शिरल्यासारखी झाली.

दुपारी घरी आल्यावर मी झोहराकडे गेले. झोहरा आमची घरमालकीण, खालच्या मजल्यावर राहते, मी कामावर असते तेव्हा लीनाला तीच सांभाळते, आणि लीना तिच्याशी अरबीत बोलते, माझ्याशी थोडं मराठीत, आणि चॉकलेट मागायचं असलं की इंग्रजीत. मला अजून एक चोरवाट दिसत होती. वाटलं, शैलेंद्र पुस्तकातली अरबी शिकलाय, झोहराची वेगळी असेल. मी विचारलं, “झोहरा, बगर क्या?” ती मचबूससाठी, म्हणजे त्यांच्या मसालेभातासाठी, तांदूळ निवडत बसली होती. “बगर मफी मालूम?” माहीत नाही म्हणजे काय, अशा नजरेने तिने ताट बाजूला ठेवलं. “दूध देता. बडा.” तिने दोन बोटं डोक्याला लावली. मला शिंगं दिसली, पण शिंगं बकऱ्यालाही असतात, म्हणून मी नकारार्थी मान हलवली. तेव्हा त्या साठीच्या बाईने काळा अबाया सावरला, मान लांब केली आणि सबंध अंगणाला ऐकू जाईल असा हंबरडा फोडला. लीनाने आनंदाने टाळ्या वाजवल्या आणि लगेच तीही हंबरली. दोघी माझ्याकडे बघून हंबरत राहिल्या. “अब मालूम?” झोहरा म्हणाली. मी म्हटलं, मालूम.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी कपडे वाळत घालताना मला कळलं की मला त्रास कशाचा होतोय. गाईचा नाही. गाय निघाली आणि हत्तीपर्यंत गेली, मी मनातल्या मनात देवापुढे हात जोडले, नकळत झालं म्हणाले, आणि देव, नऊ वर्षं परदेशात राहिल्यामुळे म्हणा, फारसा रागावलेला वाटला नाही. त्रास त्या पांढऱ्याचा होता. दूध होतं म्हणजे पिणारं होतं. मी हातात लीनाचा ओला फ्रॉक धरून गच्चीवर उभी होते, पलीकडे हिद्दच्या बाजूला समुद्र पत्र्यासारखा चमकत होता, आणि त्याच्यात कुठेतरी ते पिणारं दोन वर्षं आठ महिने हिंडत होतं, किंवा नव्हतं. मी मुलगी झाल्याचे पेढे वाटले, बारशाला बिल्डिंग जेवली. ह्या बाजूला पोट भरलं त्याची तारीख माझ्याकडे आहे. त्या बाजूची तारीखसुद्धा तीच आहे, आणि ती कुणाकडेच नाही.

नाही कशी, माझ्याकडेच आहे की. आणि इथेच सगळं बिघडलं, कारण गुरुवारी शैलेंद्रने, त्याला काहीच माहीत नसताना, बोट नेमकं तिथे ठेवलं. आमचा तो सर्व्हे एक विलायतेची प्रोफेसरबाई चालवते. त्र्याऐंशी साली लढाईत तेलाची विहीर फुटून समुद्रभर तेल पसरलं, किनाऱ्यावर मेलेल्या डुगाँग लागल्या, आणि मग सगळ्यांना एकदम प्रश्न पडला की मुळात होत्या किती आणि उरल्या किती. शनिवारी दुपारच्या विमानाने बाई कागद घेऊन जाणार होती. शेवटचा तक्ता माझ्या मशीनमध्ये होता : मच्छीमारांच्या जाळ्यात सापडलेल्या डुगाँग. तारीख, जागा, नर की मादी, दूध होतं का, पिल्लू दिसलं का, पिल्लाची लांबी, माहिती देणाऱ्याचं नाव. शैलेंद्र तक्त्यावर वाकून म्हणाला, “हा पिल्लाच्या लांबीचा रकाना बघा. रिकामा. एक तरी अगदी लहान पिल्लाची नोंद पाहिजे होती, महिना आणि जागेसकट. मग ती विण्याची जागा कुठली, कोणत्या महिन्यात तिथे जाळी नकोत, ते सांगता आलं असतं. आता बाई लिहिणार, माहिती नाही. आणि माहिती नाही म्हटलं की कुणी काही करत नाही.” मी विचारलं, “कुणी खाल्लेली असेल, तीसुद्धा चालते?” तो तक्त्यावरून सरळ झाला. “चालते की. कुणी आहे का सांगणारं?” मी म्हटलं, “विचारून बघते,” आणि कार्बन पेपर उगाचच नीट करत बसले.

विचारायचं म्हणजे गुंडूला. माझ्याकडे महिना होता, दूध होतं. जागा आणि पिल्लू त्याच्याकडे. पण गुंडूचा व्हिसा नाखव्याच्या हातात. आणि शिवदास आमच्या मराठी मंडळाचे खजिनदार, गणेशोत्सवात आरतीचं ताट त्यांच्या हातात असतं. त्यांच्या घरात गाय शिजली हे मी एका सरकारी तक्त्यात माझ्या हाताने लिहिणार, आणि खाली नाव देणार. गुरुवारची रात्र आणि शुक्रवारची सकाळ मी हेच उलटसुलट करत होते. लीनाला भरवताना मला वाटायचं, हे कळल्यावर ते हिच्याकडे वेगळं बघतील का? एवढंसं, डोळ्यात कुसळ गेल्यासारखं. सतरा वर्षांनी झालेल्या मुलीकडे माणूस वेगळं बघेल असं मला वाटत नव्हतं. पण वाटत नव्हतं आणि माहीत होतं यांच्यात एक बोट अंतर असतं आणि मी त्या बोटावर बसले होते.

शुक्रवारी गुंडू जेवायला येतो. आला, पापलेटं घेऊन. वय पस्तीस, पण खाऱ्या पाण्याने पन्नाशीचा दिसतो. लीनाला खांद्यावर घेऊन त्याने घरभर बोटीची शिट्टी वाजवली. जेवणं झाली, शिवदास पान जुळवायला बसले, आणि मी पुढचामागचा विचार न करता विचारून टाकलं, “गुंडू, ती बगर बहर खंय गावली होती? लीनाच्या वेळेक आणलं होतंस ती.”

गुंडूचा हात लीनाच्या पाठीवर होता तो तिथेच थांबला. “वयनी, तुका कळला?” आणि मग, मी काही बोलायच्या आत, अगदी साध्या आवाजात, सुटकाच झाल्यासारखा : “मी लपवूक नाय हां. दादाक तेवाच सांगितलंय. जिन्यातच. म्हटलं, आमच्यातली माणसा खाईत काय नाय, बघ बाबा.”

शिवदासांनी सुपारी कातरायची थांबवली नाही. अडकित्त्याचा तो आवाज मी मोजला नाही, पण बराच वेळ ऐकला. त्या दिवशीचं त्यांचं पान मला आठवायला लागलं. पोट बिघडलंय म्हणाले होते. दहीभात घेतला होता. मी त्यांच्यासाठी वेगळं आलं घालून ताक केलं होतं, कौतुकाने.

“तुमका म्हायत होतां,” मी म्हटलं.

“होतां.”

“आणि माका जेवूक दिलास.”

“तू मागून घेतलंस. दोनदा.” ते खालीच बघत होते. “चार म्हयने तू पाणीसुद्धा ठेवी नव्हतंस पोटात. आणि त्या दिवशी भात घेतलंस, वर रस घेतलंस. मी काय तोंडातलो घास काढू?”

“आणि तुमी दहीभात खाल्लास. सोवळ्यात.”

“माझ्या पोटात कोण नव्हतां,” शिवदास म्हणाले. “मी कित्याक खाऊ?”

गुंडू उठून गच्चीवर जायला निघाला तर मी त्याला बस म्हटलं. मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. राग आला, तो खरा होता. हा माणूस दोन वर्षं आठ महिने माझ्या शेजारी झोपला, मी दर जेवणाला त्या भुकेची गोष्ट पाहुण्यांना सांगायची आणि हा बडीशेप चघळत ऐकायचा. स्वतःचं पान राखलं आणि मला दिलं. पण राग धरायला गेलं की हातात दुसरंच यायचं, की ह्याने देवाशी काय बोलणं केलं असेल ते एकट्याने केलं, आणि मला कळू दिलं नाही, आणि मुलीला दोन्ही हातांवर घेतलं तेव्हा ते हात जराही अडखळले नव्हते. तेव्हा मी बघत नव्हते, पण आता आठवून बघितलं, पुन्हापुन्हा बघितलं. नाही, नव्हते अडखळले. मग मी हे सगळं तसंच बाजूला ठेवलं, दूध उतू जात असताना भांडण ठेवतात तसं, आणि गुंडूला म्हटलं, सांग.

त्याने सांगितलं. हिद्दहून पूर्वेकडे दोन तास, जिथे पाणी कमरेइतकंच असतं, हिरवं दिसतं, आणि खाली गवत. रात्री जाळी टाकली होती. सकाळी ओढताना जड लागली. “जाळ्यात अडाकली, वर येऊक गावला नाय, बुडान मेली,” गुंडू म्हणाला. समुद्रात जन्मलेलं जनावर समुद्रात बुडून मरतं. मी हे टाइप केलं होतं, पण गुंडूच्या तोंडून ऐकताना पहिल्यांदा कळलं. नाखवा काही मारायला गेला नव्हता. मेलेली टाकायची कशाला, म्हणून कापली, वाटली. मी विचारलं, “आणि पिल्लू?” तो लीनाच्या केसांत बोटं फिरवायला लागला. “होता. बोटीच्या पाठीपाठी येय होता. पाण्याभायर नाक काढी आणि परत खाली. आवाज करी, पाखरासारखो, तेच्या आंगाच्या मानान बारीक. मी म्हटलंय नाखव्याक, जरा थांबूया. तो म्हणालो, थांबान काय करतलंस, तू दूध देतलंस तेका?” गुंडू हसला, आणि ते हसू त्याला आवडलं नाही. “मगे इंजिन जोरात केल्यान.”

“केवढा होता?”

“ह्या चेडवाएवढा,” त्याने लीनाकडे बघितलं. “जरा मोठा. लय नाय.”

मी कागद आणला. गुंडू घाबरला, “वयनी, नाखव्याचा नाव नको हां, माझा व्हिसा...” मी म्हटलं, बोटीचा रकानाच नाही, आणि माहिती देणाऱ्याच्या जागी माझं नाव जाईल. मथुरा शिवदास. शिवदासांनी मान वर केली. “माझा नावव येतला म्हण त्यात,” ते म्हणाले. “मंडळात कळला तर?” मी म्हटलं, “कागद विलायतेक जातत. थंय मंडळाची शाखा नाय.” गुंडूला हसू फुटलं. शिवदासांना नाही. ते पानाला चुना लावत राहिले, एकाच जागी, पान फाटेपर्यंत. मग म्हणाले, “लांबी काय लिवतलंस? चेडवाएवढी म्हणान लिवतलंस?”

पिल्लाच्या नोंदीची ओळ शनिवारी सकाळी मी टाइप केली, साडेआठला, तीन प्रतींत, आणि शैलेंद्रने ती उभ्याने वाचली आणि खाली बसला. पण ते नंतरचं. शुक्रवारी दुपारी तीन वाजता आमच्या पुढच्या खोलीत लादीवर चादर टाकली होती आणि माझ्याकडे शिवणाची टेप होती. लीनाला झोपवलं. ती सरळ राहीना, तिला तो खेळ वाटला, पाय जुळवून तिने शेपटीसारखे आपटले. मी डोक्याशी टेप धरली. एकटीने जमेना, टेप सुटायची, मुलगी वळायची. तेव्हा शिवदास आले, लेंगा सावरून खाली बसले, आणि त्यांनी लीनाच्या दोन्ही टाचा एका हातात धरल्या, हलकेच, टेपचं दुसरं टोक दाबून. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नव्हतो.

“शहाऐंशी,” ते म्हणाले.

“वाकडी आसा ती. नव्वद तरी भरात. गुंडू म्हणता जरा मोठा होता.”

“जरा म्हणजे किती?” शिवदासांनी विचारलं. गुंडूला नाही, मला. मी त्यांच्या हाताकडे बघितलं. त्यांनी टाचांच्या पुढे चादरीवर चार बोटं ठेवली, मग ती थोडी पुढे सरकवली, मग परत मागे घेतली. शंभराच्या आत. इतकं लहान पिल्लू गवत कितपत खातं, ते मला पाठ होतं. मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही, पण बोटं उचललीही नाहीत.

लीनाने मान वळवून माझ्याकडे बघितलं. “आई, खलास?”

“नाही,” मी म्हटलं. “सरळ झोप. अजून एकदा.”